चौकटीत माणूस नको

सोमवारी सकाळी मी चहा गाळला तो कपाच्या शेजारी. थोडा सांडला वगैरे असं नाही. सगळी धार कपाला चांगली दोन बोटं चुकवून ओट्यावर पडत राहिली आणि मी ती शांतपणे पडू दिली, कारण माझ्या मते ती कपातच पडत होती. चहा पायावर आला तेव्हा कळलं. हात थरथरला नव्हता, झोप नीट झाली होती, डोक्यात कसला विचारही नव्हता. फडक्यानं ओटा पुसला आणि कप उचलायला गेले तर बोटं कपाच्या अलीकडेच मिटली. एकटं राहायला लागलं की असल्या गोष्टींवर हसायचं की घाबरायचं हे ठरवायला दुसरं कोणी नसतं, त्यामुळे मी दोन्ही केलं नाही. नळाखाली पाय धरला. मग, का कोण जाणे, उजवा डोळा मिटून बघितलं. डावा मिटायची मला सवय आहे. झाडांचे फोटो काढणं हा माझा धंदा. कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला की डावा आपसूक मिटतो, वर्षानुवर्षं दिवसभर मिटत आलाय. धंद्यातला बिनकामाचा भागीदार म्हणा ना. उजवा मात्र मी कधी एकटा मिटला नव्हता. तो मिटला आणि स्वयंपाकघर नाहीसं झालं. कडेला मळक्या उजेडाची एक चीर तेवढी राहिली, तिच्यात खिडकीचा एक गज होता. डोळा उघडला. कप, ओटा, फडकं, सगळं जागच्या जागी. पुन्हा मिटला. पुन्हा गेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला हनुवटी एका पट्टीवर टेकायला लावली आणि डोळ्यात उजेड सोडला. मी जन्मभर भिंगाच्या मागे; पुढे बसायची वेळ आली की काय वाटतं ते मला त्या दिवशी समजलं आणि मुळीच आवडलं नाही. "कधीपासून दिसत नाही या डोळ्यानं?" त्यांनी विचारलं. "माहीत नाही." "माहीत नाही म्हणजे? अंदाजे तरी?" "तो मी मिटलेलाच ठेवते." त्यांनी मान वर केली. मी धंदा सांगितला. "अहो बाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा एकदा उजेड सोडून बघायला लागल्या. काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर कुरतडत आत सरकतो. दुसरा डोळा बरा असला की तो सगळं सांभाळून घेतो, त्यामुळे लोकांना उशिराच कळतं. पण इतक्या उशिरा कळलेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. डावा गेला होता आणि गेलेली नजर परत येत नाही. उजव्यातही दाब फार वाढला होता. तो ऑपरेशन करून राखता येईल, पण याच आठवड्यात. गुरुवारी सकाळी. "येताना बरोबर कोणीतरी आपलं माणूस आणा," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. मी म्हटलं, मी एकटी येते, मला सवय आहे. "सवयीचा प्रश्न नाही हो. चांगल्या डोळ्यावर पट्टी येणार, दुसरा हा असा. दुसऱ्या दिवशी पट्टी निघेपर्यंत तुम्हाला स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. कोणी नसेल तर आम्ही हातच लावत नाही पेशंटला." "आणि नाही केलं ऑपरेशन तर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हाही जाईल." आडपडदा न ठेवता सांगितलं त्यांनी, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

बाहेर रस्ता होता तसाच होता. बसथांब्यावर माझ्या खांद्याला खांदा लावून माणसं उभी होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. एक माणूस. एका दिवसापुरता, एका रात्रीपुरता, बस्स. मला मौज वाटली, कारण माझी आयुष्यभराची तक्रार हीच की जिकडेतिकडे माणसं फार. झाडाचा फोटो काढायचा म्हणजे पहिलं विघ्न माणूस. तो चौकटीत शिरला की झाड उरत नाही, त्या माणसाच्या पाठीमागचं काहीतरी होऊन बसतं. शिवाय माणूस आला की माप येतं. झाड केवढं ते एका नजरेत कळतं आणि मग बघणारा पुढं बघतच नाही. म्हणून मी थांबते. बुंध्याला सायकल टेकवून बसलेली जोडपी उठेपर्यंत, डबा खाणारे मजूर डबा बंद करेपर्यंत. अगदीच नाइलाज झाला तर हाक मारते, "जरा बाजूला व्हा!" माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेलं वाक्य हेच असणार. लग्न झाल्यावर पहिल्यांदा डोंगरात गेलो तेव्हा नवरा मोठ्या हौसेनं एका झाडाला टेकून उभा राहिला, केसांवरून हात फिरवून, हसू तयार ठेवून. मी म्हटलं, जरा बाजूला हो ना. तो झाला. पुढं बरीच वर्षं माझ्या कॅमेऱ्याची तिपाई वाहून आणत तो चौकटीबाहेर कुठंतरी सावलीत बसत राहिला आणि मग एक दिवस खरोखरीचा बाजूला झाला. भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या घरात सुखात आहे म्हणे. नंबर आहे माझ्याकडे. मी बोलावलं तर गुडघे धरत का होईना, तो येईल; आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून फोनवर बायकोला हळूच सांगेल, अगं, तिचं कोणी नाही. पट्टी डोळ्यावर असणार होती, कानावर नाही. म्हणून तो नको.

मग कोण? शेजारच्या दारातले नवराबायको लिफ्टमध्ये भेटले की हसतात, मीही हसते. त्यांना मी कॅमेरेवाली बाई आणि मला ते कुत्रेवाले. प्रकाशकाला सांगितलं तर तो फुलं पाठवील आणि पुस्तकाचं काय हे दुसऱ्या वाक्यात विचारील. एक मैत्रीण होती, एका खोलीत राहून आम्ही शिकलो, तिच्यासमोर मी रडूही शकत असे. ती गेली त्यालाही आता दिवस झाले. संध्याकाळी मी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती दूरच्या शहरात असते. "ताई! आज सूर्य कुठं उगवला?" "सहज केला." "सहज तू करत नाहीस. बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" असं मी म्हटलं आणि तिथंच चुकलं. एकदा धाड भरली नाही म्हटल्यावर पुढं काय सांगणार? तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. दर थोड्या वेळानं कूस बदलून द्यायची, भरवायचं, पुसायचं. तिची स्वतःची पाठ गेलीय. "तुला म्हणून सांगते, उंबरठ्याबाहेर पाय पडत नाही बघ माझा. तुझं बरंय ताई. ना कुणाचा पाश, ना कुणाचा ताप. वाटलं की पिशवी उचलायची आणि झाडाखाली जाऊन बसायचं." ती टोमणा मारत नव्हती. तिला माझा खरोखर हेवा वाटत होता, आवाजात कळत होतं. मी म्हटलं, हो, ते बाकी खरं. मग सासूबाईंच्या पाठीला कुठलं मलम लावायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो.

मंगळवारी काम होतं आणि कामावर जाण्याइतकं बरं दुसरं काही नसतं. पुस्तक झाडांचं आहे. डाव्या पानावर निसर्गातलं झाड, उजव्या पानावर त्याच जातीचा वामनवृक्ष, थाळीतला, वीतभर नाहीतर हातभर. आणि दोन्ही फोटो असे की कुठलं डोंगरावरचं आणि कुठलं टेबलावरचं ते बघणाऱ्याला ओळखता येऊ नये. कल्पना माझीच. प्रकाशकाची एकच अट, जी माझीही होती: चौकटीत माणूस नको. यात लबाडी पुष्कळ आहे. मोठ्या झाडापासून लांब जायचं आणि लांबच्या भिंगानं त्याला जवळ ओढायचं, म्हणजे ते चपटं होतं, नम्र होतं. लहानग्याच्या पुढं पोटावर पडायचं, मुंगीच्या उंचीवरून बघायचं, मागं करडं कापड ताणायचं, उजेड तिरका घ्यायचा, म्हणजे ते आभाळाला भिडतं. पानं मात्र घोळ करतात. झाड ठेंगणं करता येतं, पण पान किती लहान करणार? म्हणून चिंच सोयीची, तिची पानं मुळातच बारीक. मोठ्या चिंचेचा फोटो माझ्याकडे तयार होता. गावाबाहेरच्या माळावर ती एकटीच उभी आहे. तिच्याखाली त्या दिवशी एक म्हातारी बसली होती आणि मी उन्हात तिपाई लावून तिच्या उठण्याची वाट बघत होते. बऱ्याच वेळानं तिनंच ओरडून विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "तुम्ही उठायची!" ती खदखदून हसली. उठली, झटकलं लुगडं आणि जाता जाता म्हणाली, "बसले असते तर सोबत झाली असती की झाडाला." फोटो फार चांगला आला. झाड असं एकटं आलंय की बघवत नाही.

लहान चिंच गच्चीवाल्यांची. त्यांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात, म्हणजे इमारतींच्या पोटातल्या काळोख्या विहिरीत गेला. निवृत्त झाल्यावर ते जे गच्चीवर चढले ते उतरलेच नाहीत असं त्यांच्या इमारतीतले लोक म्हणतात. उथळ कुंड्यांतली ती झाडं उन्हाच्या दिवसांत एक वेळचं पाणी चुकलं तरी माना टाकतात. त्यामुळे गच्चीवाले कुठं जात नाहीत. मुलाचं लग्न परगावी झालं तेव्हा सकाळी जाऊन दुपारी परतले, जेवायला थांबले नाहीत, म्हणून सून अजून फुगून आहे. बोलणं कमी, त्यातलं निम्मं तक्रारीचं. मला 'बाई' म्हणतात. गेल्या वर्षभरात मी किती वेळा तिथं गेले असेन. आमचं बोलणं उजेड आला, उजेड गेला यापलीकडे गेलं नव्हतं. आणि एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: डोळ्यांनी काय बघायचं ते बघा बाई, हात लावायचा नाही. काही सरकवायचं असलं तर मला हाक मारा.

त्या सकाळी मी पोटावर पडून उजवा डोळा भिंगाला लावला आणि मला धक्का बसला तो असा की काहीच वेगळं वाटलं नाही. चिंच होती तशीच होती, थोर, वाकलेली, डावीकडची खालची फांदी जमिनीकडे हात केल्यासारखी खाली आलेली. मी डोकं उचलून नुसत्या नजरेनं बघितलं. तेच दिसलं. लहान झाड जवळ आहे की मोठं झाड लांब आहे, हे सांगायला डोक्यात जे काही बसलेलं असतं ते उठून गेलं होतं. लोकांना फसवण्यात मी वर्षं घालवली आणि आता मला फुकटात तीच फसगत मिळाली होती. गच्चीच्या कठड्यापलीकडच्या इमारती, पाण्याची टाकी, चिंच, माझा स्वतःचा हात, सगळं एकाच कागदावर छापलेलं. गुरुवारी कोण? हा प्रश्नही त्याच कागदावर होता. गच्चीवाले खाली नळ बघायला गेले होते. खालच्या फांदीवर कोळ्याचा एक धागा होता, उन्हात चमकत होता, फोटोत पांढरी रेघ आली असती. हाक मारायला हवी होती. पण एका धाग्यासाठी काय हाक मारायची, म्हणून मी हात पुढं केला. धागा अजून लांब होता. आणखी पुढं केला. माझ्या डोळ्याच्या हिशेबानं हात अजून पोचायचा होता तेव्हा मनगटाला काहीतरी लागलं आणि बारीक, कोरडा आवाज झाला, काडेपेटीतली काडी मोडावी तसा.

फांदी सालीवर लोंबत होती. पावलं जिन्यात वाजत होती. कावळा बसला म्हणून सांगावं, असं माझ्या मनात आलं. वारा म्हणावं, असंही आलं. या वयात, दाराशी येऊन ठेपलेल्या माणसाशी खोटं बोलायची तयारी मी भांडं फोडून मांजरावर ढकलणाऱ्या पोराइतक्या सहज करत होते, आणि तेवढ्यात ते आले, त्यांनी बघितलं आणि हातातली बादली इतकी हळू खाली ठेवली की कावळा माझ्या तोंडातच राहिला. ते उकिडवे बसले. दोन बोटांनी फांदी उचलून जागेवर टेकवली, सोडली, ती पुन्हा लोंबली. "हात का लावला?" "धागा होता." "मला हाक मारायची." "हो." "ही मी नोकरीत असताना तार गुंडाळून वाकवली होती. आत्ता कुठं आपली आपण खाली राहायला लागली होती." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "इतक्या वेळा आलात, कधी ठेच लागली नाही तुम्हाला. आणि आज? डोळे काय घरी ठेवून आलात?"

"एक ठेवलाय," मी म्हटलं.

आणि मग मला थांबता येईना. चहा, ओटा, डॉक्टरीणबाई, काचबिंदू, सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, पाठ करून आणल्यासारखं, त्यांच्या पाठीला. ते जुन्या धोतराची चिंधी फाडून फांदी बांधत होते. "गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. नदीपलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. आपलं माणूस आणा म्हणतात, नाहीतर करणार नाहीत." चिंधीचा एक वेढा. दुसरा. "मग?" ते म्हणाले. "माझ्याकडे नाही." "काय नाही?" "माणूस." त्यांनी गाठ मारली. "नवरा?" "होता." "भाऊ, बहीण?" "बहीण आहे. तिला उंबरठा सोडता येत नाही." "शेजारी?" "त्यांच्या कुत्र्याचं नाव माहीत आहे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं, रागानंच. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय. हे असं करून ठेवल्यावर." "हो." "लाज नाही वाटत?" मला वाटत होती. इतकी वाटत होती की कान तापले होते. तरी मी म्हटलं, "वाटते. पण तुम्ही याल का?" त्यांनी बादली उचलली आणि रांगेतल्या पहिल्या कुंडीपासून पाणी घालायला सुरुवात केली. "माझं उन्हाळ्यात एक वेळ चुकत नाही हे माहीत आहे ना तुम्हाला?" "माहीत आहे." "मग निघा आता. उजेड गेला." उजेड चांगला होता. मी सामान आवरून निघाले.

बुधवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. गुरुवारी मी वेळेआधी दवाखान्यात पोचले आणि खिडकीवरच्या माणसानं बरोबर कोण असं विचारताच बेधडक सांगितलं, "येतायत. गाडी लावतायत." बाकावर बसले. दरवाजा काचेचा होता आणि त्यातून माणसं येत होती, जोडीजोडीनं, आई आणि मुलगा, नवरा आणि बायको, दोन म्हातारे भाऊ एकमेकांना सांभाळत. मला ती सगळी दिसत होती आणि कुठलं किती लांब आहे ते कळत नव्हतं. जरा बाजूला व्हा, असं त्यातल्या एकालाही म्हणावंसं वाटलं नाही. मी अशी कितीतरी वर्षं रिकाम्या चौकटीची वाट बघत बसले होते आणि ती रिकामी झाली की मला आनंद होत असे. आता मला भीती वाटत होती, साधी, लहानपणी शाळेतून न्यायला कोणी आलं नाही की वाटायची ती. खिडकीवरच्या माणसानं दोनदा मान वर करून बघितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, किती लांब लावली गाडी?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्याशेजारी बाकावर कोणीतरी जडपणे बसलं. कोपरापर्यंत ओल्या बाह्या, नखांत माती. "झाडं?" मी विचारलं. गच्चीवाल्यांनी उत्तर दिलं नाही. खिडकीवरच्या माणसाला म्हणाले, "मी आहे यांच्याबरोबर. कुंड्या न्हाणीत पाण्यात बसवून आलोय, त्यांना सांगा." त्यांना म्हणजे मला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. "फांदी जगेल का?" मी विचारलं. ते समोरच्या भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत राहिले, वरच्या मोठ्या अक्षरापासून खालपर्यंत.

ऑपरेशन फार लांबलं नाही. नंतर मला एका पलंगावर बसवलं आणि मी काळोखात बसले, खऱ्या काळोखात, कारण पट्टी डाव्यावरूनही नेली होती आणि ती चीरही नव्हती. आजूबाजूला ट्रॉल्या, चपला, भांडी वाजत होती. ते जवळ आहेत की गेले हे कळायला काही मार्ग नव्हता, कारण ते अवाक्षर बोलत नव्हते. मी कान देऊन बसले होते. एकदा कोणीतरी खाकरलं. ते असावेत. मग सिस्टर आली, आवाजावरून घाईतली आणि चांगली. "झालं हं आजी," ती मला म्हणाली; मी आजी नाही, पण जाऊ दे. "आता घरी जायचं. रात्रभर एकटं राहायचं नाही, खाली वाकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. सकाळी पट्टी काढायला या. यांच्याबरोबर कोण आहे? तुम्ही का? तुम्ही कोण यांचे?" कोणी काही बोललं नाही. त्या वेळात मी माझ्या मनाशी सगळी उत्तरं म्हणून बघितली, ओळखीचे, कामातले, कोणी नाही. आणि यातलं शेवटचं ते आत्ता म्हणतील म्हणून मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"आमचं सध्या बोलणं बंद आहे," गच्चीवाले म्हणाले.

"हां, म्हणजे घरचेच," सिस्टर म्हणाली. "मग नीट ऐका. उद्यापासून थेंब घालायचेत, ते यांच्यावर सोडायचे नाहीत." तिनं माझा हात उचलला आणि दुसऱ्या एका हातात दिला. तो हात ओला नव्हता आता, नुसता खरबरीत होता. मला रडायला बंदी होती, आणि मला इतकं बरं वाटलं होतं की ती बंदी पाळणं कठीण जात होतं. आम्ही चालायला लागलो. व्हरांडा लांब होता की आखूड, कोण जाणे. माणसं समोरून येत होती, अंगाला अंग घासत होती, आणि एकदा गच्चीवाल्यांनी कोणाला तरी खेकसून सांगितलं, "अहो, जरा बाजूनं! दिसत नाही का, आम्ही दोघं आहोत." मग ते थांबले, म्हणून मी थांबले.

"पायरी," ते म्हणाले, अजून रागातच.

मी पाय खाली सोडला आणि ती होती.